पुली जपा, राजेहो!

सकाळी गाडी सुरू केली की बोनटखालून रातकिडा ओरडल्यासारखी किरकिर येते का? अभिनंदन! तुमच्या फॅन बेल्टच्या टेन्शनरची पुली घरघरीला लागली आहे. अशा वेळी ती बदलून मोकळं होणं हे उतावळ्या माणसांचं काम. तुम्ही तिची सेवा करा.

पहिलं म्हणजे आवाजावर जनमत घ्या. शेजारच्या काकांना बोनटपाशी बोलवा. ते मान तिरकी करून ऐकतील आणि म्हणतील, "हे तं नॉर्मल हाये भाऊ, डिझेल गाडी हाये न?" गाडी पेट्रोलची आहे हे सांगून त्यांचा विरस करू नका. मग साळभाऊंना फोन लावा. "चालून राह्यली न? मंग कायले खोलता?" झालं. दोन तज्ज्ञांचं एकमत झालं की कोर्टातसुद्धा निकाल लागतो.

ही पुली करते काय, हे तुम्हाला ठाऊक असण्याची गरज नाही. पण पानठेल्यावर बोलायला बरं म्हणून सांगतो. इंजिनाच्या बाजूने फिरणारा तो लांब पट्टा, म्हणजेच फॅन बेल्ट, डायनामो, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपसुद्धा एकटा ओढतो. जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा पंपही त्याच्याच गळ्यात असतो. टेन्शनरची स्प्रिंग पुलीला पट्ट्यावर दाबून धरते, म्हणून पट्टा ढिला पडत नाही. पुलीच्या पोटात सीलबंद बेरिंग. कारखान्यातून निघताना जेवढं ग्रीस मिळालं, तेवढ्यावर तिने जन्म काढायचा. तोही कुठे, तर नागपुरात! नवतप्यात बाहेर ४५ अंश, बोनटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि रस्ता सिमेंटचा करायला कुठे ना कुठे खोदलेला असतोच, त्याची धूळ वेगळी. ग्रीस सुकतं, गोळ्या घासतात, पुली बोलायला लागते. बोलू द्या बिचारीला.

एक पाप मात्र हातून घडू देऊ नका. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर पट्टा उतरवायचा आणि पुली बोटाने फिरवून पाहायची, असं काही शहाणे सांगतात. चांगली पुली म्हणे गुपचूप फिरून थांबते. गेलेली असली तर बोटाला खरखर लागते, धरून हलवली की डुगडुगते, किंवा ग्रीस संपलेलं असल्याने नुसती फिरतच राहते. दोन मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो. म्हणूनच करू नका. मग काकांनी आणि साळभाऊंनी बोलायचं काय? बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब फिरत्या पट्ट्याच्या खाचांवर टाकून पाहण्याची युक्तीही अशीच बाद. आवाज क्षणभर गप्प होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, आणि उलट वाढला तर पट्टा ढिला पडून घसरतो आहे, हे फुकटात कळून जातं. फुकटचं ज्ञान अंगी लागत नाही.

त्यापेक्षा उपचार करा. पट्ट्याला आंघोळीचा साबण चोळा. सक्करदऱ्यापासून सीताबर्डीपर्यंत शांतता मिळते. पुलीवर गंज सोडवायचा स्प्रे मारा, म्हणजे सीलच्या फटीतून आत जाऊन उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढेल. तरी भागलं नाही तर मिस्त्रीकडे जाऊन पट्टा बदला. फक्त पट्टा. तो म्हणेल, "भाऊ, खोललंच हाये तं पुली पण टाकून देतो, मजुरी तेवढीच लागन." इथे ठाम राहा. "पुलीले काही नाही झालं" असं त्याला, पुली न पाहता, सांगा. डुगडुगती पुली नव्या पट्ट्याच्या कडा कुरतडून काढेल आणि तुम्ही त्याच मिस्त्रीला तीच मजुरी पुन्हा द्याल. ओळख वाढते.

स्वतःच करायची हौस असेल तर रविवारची दुपार निवडा. पट्टा कुठून कसा फिरला आहे त्याचा फोटो काढू नका. बोनटखाली नकाशाचं स्टिकर असलं तर त्यावरची धूळ पुसू नका. लांब पान्याने टेन्शनर वळवा आणि पट्टा निघाला की पाना एकदम सोडून द्या; स्प्रिंगमध्ये किती जोर असतो ते बोटाला नीट समजतं. काही गाड्यांत या पुलीच्या बोल्टला उलटे आटे असतात. तुम्ही मात्र सुलट्या दिशेनेच फिरवा, नाही निघाला तर पान्याला पाइप लावा. डोकं तुटेल. बोल्टचं.

एवढं सगळं नीट पाळलंत की समृद्धी महामार्गावर शिर्डीला निघा. १२० च्या वेगाने जाताना बेरिंग जाम झालं, पट्टा तुटला, की आधी बॅटरीचा लाल दिवा लागेल. दुर्लक्ष करा. एसीतून गरम हवा येईल, खिडक्या उघडा. मग तापमानाचा काटा वर चढेल. "पुढच्या पंपावर पाहू" म्हणा आणि दाबत राहा. तापून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं की हेड गॅस्केटसकट इंजिनाचंच काम निघतं, आणि त्या बिलापुढे पुलीची किंमत कोणाला आठवतही नाही.

पट्टा तुटायच्या आत अक्कल आली तर गाडी विकायला काढा. जाहिरातीत 'सिंगल ओनर, एसी एकदम चिल्ड' लिहा; मात्र गिऱ्हाईक आल्यावर एसी लावू नका, कॉम्प्रेसरचा भार आला की किरकिर वाढते. मे महिन्यात बंद एसीच्या गाडीत त्याला बसवून काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि त्याने सोबत आणलेल्या भाच्याने खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक टेन्शनरच्या बोल्टला लावलं आणि मूठ कानाला टेकवली, तर वाद घालू नका. दोघांना तर्री पोहे खाऊ घाला आणि ते म्हणतील त्या भावात चावी देऊन टाका.