बोटीच्या सीटला सोफ्याचा हिशेब लावू नका

बोटमालकांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे: "मरीन रेक्झिन म्हणजे नुसते नावाचे पैसे. सोफ्याचं जाड रेक्झिन घ्या, साधा फोम प्लास्टिकमध्ये चारी बाजूंनी बंद करा, बारीक टाका घाला, प्लायला पिना मारा. पाणी आत जाणारच नाही. वास आला तर ब्लीच." मालवण-तारकर्लीच्या उघड्या फायबर बोटींवर हे करणं म्हणजे खर्च दोनदा करणं.

"पाणी आत जाणारच नाही." सगळी गफलत इथून सुरू होते. पाणी रेक्झिनमधून जात नाही, शिवणीतून जातं. ४ मिमी टाक्याच्या एक मीटर शिवणीत २५० भोकं असतात. माणूस बसला की फोममधली हवा बाहेर पडते, उठला की फोम फुगतो आणि शिवणीवर साचलेलं पाणी आत ओढतो. म्हणजे पाणी येणार हे धरूनच सीट बांधायची. ते बाहेर कसं जाईल हे बघायचं.

"फोम प्लास्टिकमध्ये बंद करा." सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं. घड्यांवर प्लास्टिक चिरतं, पाणी शिरतं आणि तिथेच अडकतं. मग काळी बुरशी धरते आणि रेक्झिनवर गुलाबी डाग उमटतात. ते आतून आलेले असतात, वरून घासून जात नाहीत. पातळ प्लास्टिक लावायचंच तर फक्त वर आणि बाजूंना लावा. त्याने खोळही सहज चढते. तळ उघडा ठेवा. सीटच्या तळाच्या प्लायला साधारण १५ सेंमी अंतरावर १२ मिमीची भोकं पाडा आणि खालून जाळीचं कापड लावा. बजेट असेल तर पाणी आरपार जाऊ देणारा मोठ्या छिद्रांचा फोम घ्या. त्याला प्लास्टिक लागतच नाही.

"जाड रेक्झिन चालतं." जाडीपेक्षा पाठीचं, म्हणजे रेक्झिनच्या मागे चिकटवलेलं कापड महत्त्वाचं. सुती पाठ ओलीने कुजते. पाठीचा एक धागा काढून जाळून बघा: सुती असेल तर कागदासारखी राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. शिवाय साध्या मालातला मऊपणा उन्हाने उडतो आणि तो कोपऱ्यांवर तडकतो. मरीन मालात ऊन आणि बुरशी रोखणारी द्रव्यं मिसळलेली असतात. बंद केबिनमधल्या, ऊन न लागणाऱ्या सीटला मात्र चांगलं साधं रेक्झिन चालून जातं, हे मान्य.

"बारीक टाका घाला." बारीक टाक्याने रेक्झिन टपाल तिकिटासारखं फाटतं. टाका ४ ते ५ मिमीचाच हवा. दोरा उन्हाला टिकणारा, लेप दिलेला (बाँडेड) पॉलिएस्टर, जाडी टेक्स ९०, सुई १८ नंबर. नायलॉन दोरा उन्हात लवकर कमजोर होतो. पायपिंगमध्ये, म्हणजे शिवणीच्या कडेच्या गोल पट्टीत, सुती दोरी घालू नका, ती पाणी शोषून शिवणीभर पसरवते, प्लास्टिकची घाला. आणि जोड बसण्याच्या पृष्ठभागावर न घेता बाजूला उतरवा.

माप जुन्या खोळीवरून घ्यायला हरकत नाही, पण उसवण्याआधी मधल्या आणि जोडाच्या खुणा करा. जुनं रेक्झिन कुठे आकसलेलं, कुठे ताणलेलं असतं, म्हणून प्लायशी ताडून बघा. फोम प्रत्येक बाजूने सुमारे ६ मिमी मोठा कापला की खोळ ताठ बसते.

"प्लायला पिना मारा." कुठला प्लाय आणि कुठल्या पिना? प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, भोकं पाडून झाल्यावर कडा आणि भोकांच्या आतूनही इपॉक्सीचे दोन हात. पिना (स्टेपल) खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ३१६ स्टेनलेसच्या. १२ मिमी प्लायला ८ ते १० मिमी लांबी पुरते. साध्या पिनांचं डोकं गंजून तुटतं आणि खोळ सुटते.

"वास आला तर ब्लीच." ब्लीचने रेक्झिनचा वरचा थर आणि दोरा दोन्ही खराब होतात. सौम्य साबण, मऊ ब्रश, भरपूर गोडं पाणी, मग कुशन उभं करून वाऱ्यावर सुकवणं. एवढं करूनही वास राहिला तर खोळ काढून फोमच बदलावा लागतो.