राखेच्या थाळीचा वैताग

कोळशाच्या केटल ग्रिलखाली, म्हणजे भाजण्याच्या गोल, झाकणाच्या शेगडीखाली, राख धरण्यासाठी तीन पायांच्या मधे अडकवलेली उथळ, उघडी थाळीच अजूनही का दिली जाते, हे मला खरोखर समजत नाही. जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या खूणगोळ्यापासून (बॉय) पहिली केटल बनवली ती वाऱ्यापासून निखारे राखण्यासाठी. मग निखारे झाकायचे आणि राख मात्र उघड्यावर टाकायची, हा कुठला न्याय? बेळगाव-खानापूर पट्ट्यात वळवाचा वारा सुटला की ती राख गच्चीभर आणि शेजारच्या काकूंच्या पापडांवर पसरते, आणि पाऊस पडला की थाळीत साचलेली ओली, क्षारयुक्त राख ॲल्युमिनियम कुरतडू लागते.

थाळीऐवजी बंद डबा असलेल्या रचनेत ग्रिलच्या तळाची पाती फिरवली की राख झरोक्यांतून थेट डब्यात पडते आणि डबा उचलून रिकामा करता येतो. तो वेळेवर ओतला नाही तर खालून येणारी हवा अडते आणि आच मंदावते, हे मान्य. पण तेवढी शिस्त कोणीही पाळेल. तरीही इथला प्रत्येक दुकानदार थाळीचेच मॉडेल पुढे करतो आणि डब्याविषयी विचारले की “दोन्ही सारखेच हो, साहेब” म्हणतो. ते सारखे नाहीत!