‘पंखा लावा, पेटी बाहेरच्यापेक्षा थंड’: या तोडग्यात काय चुकतं

ठिबकचा कंट्रोलर, गच्चीवरचा वायफाय, खांबावरच्या कॅमेऱ्यांचा स्विच. उघड्यावर बसवलेल्या उपकरणांच्या कुठल्याही पेटीसाठी एकच तोडगा फिरत असतो. पेटी आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) घ्या म्हणजे पाण्याची चिंता नाही. तिला काळा रंग द्या, काळा रंग उष्णता लवकर फेकतो. वर-खाली भोकं पाडून संगणकातला पंखा बसवा, आत बाहेरच्यापेक्षा दहा अंश थंड राहतं. ओलीसाठी सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि तरीही तापली तर पेल्टियर (विजेवर एक बाजू गार, दुसरी गरम होणारी पट्टी) लावा. यातलं एकेक पाहू.

पंख्यापासून सुरुवात करू. पंखा हवा थंड करत नाही, बाहेरची हवा आत आणतो. बाहेर ४४ अंश असेल तर आत ४४च्या खाली जाणं शक्यच नाही. ‘दहा अंश कमी’ हा आकडा बहुधा पंख्याआधीच्या आतल्या तापमानाशी तुलना करून आलेला असतो. किती हवा लागते ते काढता येतं: तासाला घनमीटर = ३.१ × आतली उष्णता (वॅट) ÷ चालणारी तापमानवाढ. आत ३० वॅटची उपकरणं आणि ५ अंशांची वाढ चालत असेल तर साधारण १९ घनमीटर. ८० मिमीचा पंखा मोकळ्या हवेत याच्या दुपटीहून जास्त हवा देतो, पण जाळी आणि फिल्टर लागले की निम्मी उरते, धूळ बसली की त्याहून कमी. फिल्टर महिन्याला धुवा. कापूस वेचणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत पंधरवड्याला. पंखा खाली, हवा आत ढकलणारा, आणि बाहेर जाण्याची जाळी वर ठेवा. उलट, म्हणजे हवा बाहेर फेकणारा, बसवला की हवा आत ओढली जाते आणि दारातल्या प्रत्येक फटीतून धूळ येते. मुंग्या आणि पालींसाठी बारीक जाळी हवीच; काँटॅक्टरमध्ये (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमध्ये) अडकलेली पाल ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. आणि भोकं पाडली त्या क्षणी पेटी आयपी ६५ राहिली नाही, हे तोडग्यातली दोन वाक्यं एकमेकांना सांगत नाहीत.

पंखा नसेल तर? ४००×३००×२०० मिमीची भिंतीवरची पेटी घ्या. उष्णता सोडणारं तिचं पृष्ठफळ सुमारे ०.४ चौरस मीटर धरता येतं. रंगवलेला पत्रा दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे ५.५ वॅट सोडतो, प्लास्टिक ३.५. म्हणजे ३० वॅटला पत्र्याची पेटी सावलीतसुद्धा बाहेरच्यापेक्षा १४ अंश गरम होते, प्लास्टिकची २१-२२. विदर्भातल्या मे महिन्यात आतलं तापमान ६०च्या आसपास, प्लास्टिकच्या पेटीत त्याच्याही पुढे जातं. बरेच एसएमपीएस (उपकरणांना डीसी वीज देणारे पॉवर सप्लाय) पूर्ण भार ५० अंशांपर्यंतच झेलतात, आणि त्यांतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होतं. म्हणून ‘चालतंय की अजून’ हा निकष फसवा आहे.

वरच्या हिशेबात ऊन धरलेलंच नाही, आणि खरा शत्रू तोच. पश्चिमेला तोंड असलेल्या दारावर उन्हाळ्यात दुपारी चारला चौरस मीटरला ६००-७०० वॅट पडतात. आपल्या ०.१२ चौरस मीटरच्या दारावर साधारण ७८ वॅट. गडद करडा रंग त्यातले ७० वॅट शोषतो, पांढरा २० च्या आसपास. शोषलेल्यातलं काही वाऱ्याने बाहेरच्या बाहेर जातं, तरी आतल्या ३० वॅटशी तुलना करा. राहिला ‘काळा रंग उष्णता फेकतो’ हा मुद्दा. पेटीच्या तापमानाला उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर जाते, आणि तिथे पांढरा रंगही काळ्याइतकाच चांगला, सगळी उष्णता सोडणाऱ्याला १ धरलं तर दोघेही ०.९ च्या आसपास. फरक आहे तो फक्त ऊन शोषण्यात. उघडा चकचकीत जीआय (जस्त चढवलेला) पत्रा उलट वाईट: ऊन बऱ्यापैकी घेतो, सोडताना कंजुषी करतो. तेव्हा पांढरी पावडर कोटिंग, आणि वर व पश्चिमेला २५ ते ५० मिमी अंतर सोडून दुसरा पत्रा. मधली पोकळी खाली-वर उघडी हवी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. पंख्याच्या आधी हे करा. बऱ्याचदा पंखा लागतच नाही.

आयपी ६५चा अर्थ धूळ नाही आणि पाण्याच्या फवाऱ्याने आत पाणी नाही, इतकाच. वाफेबद्दल तो काही बोलत नाही. ६० अंशांवर तापलेल्या बंद पेटीवर वळिवाची सर आली आणि आतली हवा २५ वर उतरली की दाब सुमारे दहा टक्क्यांनी पडतो. पेटी श्वास घेते, आणि ग्लँडवर (केबल आत जाते तिथल्या घट्ट बुचावर) साचलेलं पाणी आत ओढते. उपाय: केबल सगळ्या खालून, ग्लँडआधी केबलला खाली झोळ, आणि पडदा असलेला व्हेंट प्लग, जो हवा सोडतो पण पाणी अडवतो.

सिलिका जेल निरुपयोगी नाही. २४ लिटरच्या पेटीत ३० अंशांच्या संपृक्त (वाफेने पूर्ण भरलेल्या) हवेत पाणी असतं जेमतेम ०.७ ग्रॅम, ५० ग्रॅम जेलला ते काहीच नाही. पण ग्लँडमधून एक चमचा पाणी आलं की ५ ग्रॅम. व्हेंट असेल तर वाफ येतच राहते, आणि दुपारी तापलेलं जेल घेतलेली ओल परत सोडतं. कोकणातल्या पावसाळ्यात रात्री बंद असणाऱ्या पंपाच्या स्टार्टरच्या पेटीला १०-१५ वॅटचा हीटर जास्त उपयोगी: आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पाचेक अंश वर ठेवलं की दव पडत नाही. थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे चालू-बंद होणारा स्विच) घेताना सामान्यतः लाल चकती हीटरसाठी (तापल्यावर वीज तोडणारा) आणि निळी पंख्यासाठी असते. अदलाबदल झाली तर उन्हाळ्यात हीटर चालू आणि पंखा बंद.

पेल्टियरने ३० वॅट बाहेर काढायला ६० किंवा जास्त वॅट लागतात. बॅटरीवर चालवायचं तर सहा तासांचे ३६० वॅट-तास; १२ व्होल्ट, ४२ एएच (अँपिअर-तास) बॅटरीत एकूण सुमारे ५००. गार बाजूवर दव साचतं, त्याला निचरा हवा. बाहेरचा पंखा बंद पडला की गरम बाजूची उष्णता त्याच पट्टीतून आत येते. त्या पैशांत ७० अंशांपर्यंत पूर्ण भार झेलणारा एसएमपीएस घ्या, आणि बॅटरी वेगळ्या पेटीत, खाली सावलीत ठेवा.