घोड्यावरचा कारकून

परवा एका क्विझमध्ये तो ठरलेला प्रश्न आलाच. अमेरिकेचा सर्वांत कमी दिवसांचा राष्ट्राध्यक्ष कोण? उत्तर: विल्यम हेन्री हॅरिसन, 31 दिवस. मग सूत्रसंचालकाने जोडीचा किस्साही सांगितला. म्हातारबुवांनी कडाक्याच्या थंडीत टोपी-कोट न घालता पावणेदोन तास भाषण ठोकलं, न्यूमोनिया झाला आणि गेले. सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र चिडचिड होत राहिली, कारण या एका विनोदाखाली सगळा माणूस झाकला गेलाय. झाकून ठेवण्यासारखं बरंच काही होतंही म्हणा.

आधी तो किस्सा निकालात काढतो. शपथविधी झाला 4 मार्च 1841 ला आणि गडी आजारी पडला 26 मार्चला. थंडी बाधायला तीन आठवडे लागत नाहीत. 2014 मध्ये दोन संशोधकांनी त्याच्या डॉक्टरच्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांच्या मते तो विषमज्वरासारखा आतड्याचा ताप असावा, कारण व्हाइट हाउसला पाणी यायचं त्याच्याजवळच शहराचा मैला टाकला जायचा. वर उपचार काय, तर अफू, एरंडेल आणि पाऱ्याचं औषध. भाषण 8,445 शब्दांचं होतं हे मात्र खरं. तेही त्याचा होणारा परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टरने कात्री लावल्यानंतर!

आता माणूस. जन्म 1773, व्हर्जिनियातल्या बर्कली इस्टेटीवर. बाप बेंजामिन हॅरिसन, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. घरात गुलाम, सुबत्ता, मोठमोठ्या लोकांचा राबता. हा शेंडेफळ. त्याला वैद्यकी शिकायला फिलाडेल्फियाला धाडलं, पण 1791 मध्ये बाप गेला आणि अठराव्या वर्षी हा सैन्यात भरती झाला. जनरल वेनच्या हाताखाली 1794 ची, मूळच्या जमातींविरुद्धची फॉलन टिंबर्सची लढाई पाहिली आणि पुढच्या वर्षी त्यांच्याशी झालेल्या ग्रीनव्हिलच्या तहावर याचीही सही आहे. सही हा शब्द लक्षात ठेवा. माझ्या मते या माणसाचं खरं हत्यार तलवार नव्हतीच.

1800 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्याला इंडियाना प्रदेशाचा गव्हर्नर नेमलं. तिथे तो बारा वर्षं राहिला आणि त्या काळात त्याने मूळच्या जमातींशी दहा-बारा करार करून कोट्यवधी एकर जमीन सरकारच्या घशात घातली. हे कसं करायचं याची युक्ती वरूनच आली होती. 27 फेब्रुवारी 1803 ला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जेफरसनने त्याला एक खाजगी पत्र लिहिलं. सरकारी व्यापारी ठाण्यांवर जमातींमधल्या वजनदार माणसांना उधारी करू द्या, कर्ज फेडण्यापलीकडे गेलं की ते जमीन तोडून द्यायला तयार होतात, असा त्याचा मतलब. आपल्याकडे याला सावकारी म्हणतात. फरक इतकाच की इथे चोपडी घेऊन खुद्द सरकारच बसलं होतं, आणि चोपडी लिहिणारा हॅरिसन.

1804 चं सेंट लुइसचं प्रकरण तर वाचवत नाही. खुनाच्या आरोपात अडकलेल्या आपल्या एका माणसाला सोडवायला सॉक जमातीची चार-पाच माणसं तिथे गेली. जमीन विकायचा अधिकार त्यांना कुणीच दिला नव्हता. ती परतली तेव्हा मिसिसिपीच्या दोन्ही अंगांचा अफाट मुलूख लिहून देऊन बसली होती. मोबदला 2,234.50 डॉलरचा माल आणि वर्षाला 1,000 डॉलर. वरचे ते पन्नास सेंट मला झोपू देत नाहीत. इतका काटेकोर हिशोब! याच कागदाच्या भांडणातून 1832 मध्ये ब्लॅक हॉकचं युद्ध पेटलं.

1809 मध्ये फोर्ट वेनच्या करारात आणखी जवळपास 30 लाख एकर गेले, आणि शॉनी जमातीचा नेता टेकमसे उठला. त्याचं म्हणणं गावच्या तलाठ्यालाही पटेल असं होतं. जमीन सगळ्यांची सामाईक आहे, मग एका भावाने सही करून ती विकली कशी? ऑगस्ट 1810 मध्ये प्रदेशाची राजधानी व्हिन्सेन्सला, हॅरिसनच्या पक्क्या विटांच्या वाड्यासमोर दोघं आमनेसामने आले. बोलणं इतकं तापलं की टेकमसेच्या लोकांनी शस्त्रं उचलली आणि हॅरिसनने तलवार उपसली. त्या दिवशी रक्त सांडलं नाही, पण करारही मागे घेतला गेला नाही.

आणि ती गाजलेली टिपिकनूची लढाई? 7 नोव्हेंबर 1811. टेकमसे तेव्हा मदत गोळा करायला दक्षिणेत गेलेला, टिपिकनू नदीजवळच्या त्यांच्या गावात त्याचा भाऊ टेन्स्क्वाटावा. पहाटेच्या अंधारात हॅरिसनच्या छावणीवर हल्ला झाला. हजारभर माणसांपैकी 190 च्या आसपास मेले किंवा जखमी झाले, पण छावणी टिकली. दुसऱ्या दिवशी रिकामं झालेलं गाव याने जाळून टाकलं. दुसऱ्याच्या मुलखात घुसून, झोपेत घेरला जाऊन, जेमतेम निभावलेली लढाई! 1813 मध्ये कॅनडातल्या थेम्स नदीकाठी तो खरंच जिंकला, टेकमसे तिथेच पडला. नाव मात्र टिपिकनूचंच झालं. म्हणायला सोपं, गाण्यात बसणारं.

पुढची पंचवीस वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. प्रतिनिधीगृह, सिनेट, कोलंबियात वकिलात, मग कर्ज आणि शेती. 1836 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरला. त्या सुमारास तो ओहायोच्या हॅमिल्टन काउंटीत कोर्टाचा क्लार्क होता. पदाचं नावच ते.

आणि 1840 ला धमाल झाली. विरोधकांच्या एका पेपरने टोमणा मारला की म्हाताऱ्याला पेन्शन आणि सायडरचं (सफरचंदाच्या दारूचं) एक पिंप द्या, लाकडी खोपटात सुखाने पडून राहील. हॅरिसनच्या व्हिग पक्षाने तो टोमणाच झेंड्यावर चढवला. चाकांवरची खोपटी, फुकटचं सायडर, गाणी, गावोगाव लोटत नेलेले माणसाहून उंच चेंडू. बर्कलीच्या जमीनदाराचा पोरगा गरिबांचा कैवारी ठरला, आणि खानावळवाल्याचा मुलगा असलेला त्याचा प्रतिस्पर्धी, तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन सोन्याच्या चमच्याने जेवणारा ऐतोबा! हॅरिसनच्या नॉर्थ बेंडच्या प्रशस्त घरात एक खोपटं होतं खरं, पण वाढीव बांधकामाच्या भिंतींआड पार बुजलेलं. उमेदवाराने धोरणांबद्दल चकार शब्द काढू नये, असं बँकर निकोलस बिडलने 1835 मध्येच लिहून ठेवलं होतं. 1837 च्या मंदीने पोळलेल्या लोकांनी तरीही, किंवा म्हणूनच, 234 विरुद्ध 60 इलेक्टोरल मतांनी त्याला निवडून दिलं.

मला तो राक्षस वाटत नाही. नेमून दिलेलं काम चोख करणारा, वरच्या साहेबाचं पत्र नीट वाचणारा माणूस वाटतो, आणि म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते. कुणाला पटणार नाही, कॉमेंटमध्ये भांडा.

त्या एका महिन्यात व्हाइट हाउसमध्ये गर्दी कुणाची होती, तर नोकरी मागणाऱ्यांची. सकाळपासून जिन्यापर्यंत माणसं. त्याची बायको ॲना ओहायोतून अजून निघालीसुद्धा नव्हती. 4 एप्रिलला तो गेला आणि उरलेले अर्ज उपराष्ट्राध्यक्ष जॉन टायलरच्या टेबलावर गेले.