डिस्क्रिप्टरचा प्रकार कर्नेलला न विचारता कसा ओळखावा

तुमच्या फंक्शनला कुणीतरी एक डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइल, पाइप वगैरेला ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने (कर्नेलने) दिलेला आकडा, दिला आहे. समजा, 1. आता हे टर्मिनल, फाइल, पाइप की सॉकेट? असल्या चौकशीसाठी एफस्टॅट हा कर्नेलला विचारणारा कॉल 1971च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून हजर आहे. शक्य तोवर त्याच्या वाटेला जाऊ नका. कर्नेलला विचारून उत्तर कुणीही देईल, त्यात आपले काय कौशल्य?

आधी आकड्याकडे बघा. 0, 1, 2 म्हणजे टर्मिनल, संपले. कुणी 2, म्हणजे एररच्या संदेशांचा आकडा, बंद केला असेल तर पुढचा ओपन सगळ्यात लहान मोकळा आकडा देतो, म्हणजे 2च. तिथे तुमचा डेटाबेस जाऊन बसेल आणि एररचे संदेश थेट त्याच्या पोटात लिहिले जातील. एसक्यूलाइट डेटाबेसवाले असे पोळले आणि 3च्या खालच्या आकड्यावर डेटाबेस ठेवायचाच नाही, असे ठरवून बसले. भित्री माणसे.

कोड रिव्ह्यूत कुणी हटूनच बसले तर एफस्टॅट मारा, पण उत्तर आपल्या पद्धतीने वाचा. एफस्टॅटच्या उत्तरातल्या एसटी_मोड या खान्यातला प्रकार 0170000 (हे आकडे ऑक्टल) या मास्कने वेगळा काढून मग बरोबरीने तपासायचा असतो, किंवा डिरेक्टरी आहे का ते सांगणारा एस_आयएसडीआयआर हा तयार मॅक्रो वापरायचा असतो. तुम्ही नुसता एस_आयएफडीआयआर या डिरेक्टरीच्या खुणेशी अँड करा. डिरेक्टरी 0040000, सॉकेट 0140000, ब्लॉक डिव्हाइस 0060000. तिघांतही तो एक बिट आहे, त्यामुळे तिन्ही डिरेक्टऱ्या ठरतात. साध्या फाइलचा 0100000 लावला तर तेच सॉकेट साधी फाइलही निघते. एका डिस्क्रिप्टरमध्ये तीन प्रकार! असा माल इतरत्र मिळत नाही.

टर्मिनल ओळखायला कॅरेक्टर डिव्हाइस एवढी खूण पुरे. लिहिलेले सगळे गिळून टाकणारे /डेव्ह/नलसुद्धा कॅरेक्टर डिव्हाइसच आहे, तर तिथेही प्रोग्रेस बार रंगात नाचवा. बघणारा कुणी नाही म्हणून कलाकाराने हात आखडता घेऊ नये.

ईपोल आणि इव्हेंटएफडी (घटनांची वाट बघायचे डिस्क्रिप्टर) मात्र लिनक्सवर जरा आडमुठे. एफस्टॅट यशस्वी होतो, पण प्रकाराचे बिट शून्य. प्रकार तपासणाऱ्या सात मॅक्रोंपैकी कुठल्याच मॅक्रोत ते बसत नाहीत. तुमच्या स्विचच्या डिफॉल्टमध्ये ‘हे होऊच शकत नाही’ अशी कॉमेंट टाकून खाली अबॉर्ट (प्रोग्रॅम तिथेच पाडणारा कॉल) लिहा. /प्रॉक/सेल्फ/एफडीमधली लिंक वाचली तर ‘एनॉन_आयनोड’ असे स्पष्ट दिसते, पण एवढे वाकून कोण बघणार?

शेवटी नाइलाजाने, हे टर्मिनल आहे का ते सांगणारे आयझॅटीटीवाय वापरलेच, तर त्यानंतर एररनोला, म्हणजे शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या चलाला, हात लावू नका. साध्या फाइलवर ते शून्य देते आणि एररनोमध्ये ईनोटीटीवाय (‘हे टर्मिनल नाही’) ठेवून जाते. खाली दहा ओळींवर तुमचे स्वतःचे काही फसले की एररनोचा संदेश छापणाऱ्या पीएररने तेच छापा: ‘इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’. ग्राहकाचा फोन आला, तर त्याला डिव्हाइस बदलून बघायला सांगा.