शिक्का नसलेला काटा

काल संध्याकाळी माझी सायकल इंदूरमधल्या आमच्या राजेंद्र नगरच्या पार्किंगमध्ये काट्याला लटकली होती. सोललेल्या बोकडासारखी. पुढचं चाक नाही, हँडल मुरगळलेलं, आणि खाली दहाबारा माणसं माना वर करून आकडा वाचत उभी.

पाच आठवडे मी ही सायकल बांधतोय. कार्बनची फ्रेम, वाऱ्याला चकवायला चपट्या केलेल्या नळ्या, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. भाग सुटे मागवले, कारण तयार सायकलीची किंमत ऐकून बायको नुसतं "बरं" म्हणाली होती आणि तिचं "बरं" मी ओळखतो. सुट्या भागांची बेरीज शेवटी तयार सायकलीच्याही पुढे गेली. ते इथेच गाडून टाकतो.

या नव्या सायकलींवर वायर म्हणून दिसत नाही. ब्रेकच्या तेलाची नळी हँडलमधून आत शिरते, हँडल जिच्यावर फिरतं त्या बेअरिंगमधून खाली उतरते आणि फ्रेमच्या पोटातून फिरून थेट मागच्या चाकापाशी डोकं काढते. वाऱ्याला अडथळा नको म्हणून. पण उद्या ते एवढंसं बेअरिंग गंजलं, तर ब्रेकची नळी तोडा, पुन्हा ओवा, पुन्हा तेल भरा, बुडबुडे काढा. ज्यानं हे शोधलं त्याला स्वतःच्या हातानं एकदा तरी नळी ओवायला लावली पाहिजे. भर उन्हाळ्यात, पंखा बंद करून.

मी ओवली. युक्ती अशी की दोऱ्याच्या टोकाला पिशवीचा तुकडा बांधायचा, दोरा एका भोकातून सोडायचा आणि दुसऱ्या भोकाला व्हॅक्युम क्लीनर लावायचा. दोरा सुर्रकन आत ओढला जातो. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "सायकल आतून झाडतोयस? कॉलनीत पहिला नंबर काढायचाय का?" इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, त्याचं सगळ्यात जास्त मनावर कोणी घेतलं असेल तर आमच्या आईनं. याच आईनं दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरचा प्लास्टिकचा एक चपटा तुकडा उचलून सुक्या कचऱ्यात टाकला आणि कचरागाडी आल्यावर स्वतः नेऊन दिला. तो तुकडा चाक काढलेलं असताना ब्रेकच्या दोन पॅडांमध्ये अडकवून ठेवायचा असतो. त्याची गोष्ट पुढे.

तर काका. तळमजल्यावरचे. नापतोल, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या विभागातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण हुकाचा स्प्रिंग काटा अजून कपाटात आहे आणि रद्दीवाला आमच्या बिल्डिंगकडे बघतसुद्धा नाही.

"काय करून राहिला रे?"

"ब्रेक लावतोय, काका."

"किती भरते?"

"साडेसात किलो."

"कोणी मोजली?"

मी ऐटीत ऑनलाइन मागवलेला डिजिटल काटा काढला, विमानाच्या बॅगा मोजायचा. काकांनी तो उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर सरकवून परत उलटा केला.

"शिक्का कुठाय?"

"कसला?"

"पडताळणीचा! शिक्का नाही म्हणजे हा काटा नव्हे, खेळणं आहे. थांब."

आणि ते आपला काटा आणायला गेले. त्या तीन मिनिटांत मी सायकल घेऊन वर पळायला हवं होतं. पण मी तिथेच थांबलो, आणि वर शहाणपणा केला. काका परत आल्यावर त्यांना सांगितलं, की सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, यूसीआयचा, २००० सालापासून नियम आहे: रेसमधली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही.

काकांचा चेहरा असा उजळला, की कोणीतरी त्यांची पेन्शन वाढवली असावी.

"म्हणजे कमी भरली तर चलन?"

"तशी सायकल उतरवूच देत नाहीत."

"शाब्बास! मग लोक काय करतात?"

"हलकी असली तर वजनं घालतात. शिशाची वगैरे."

"आमच्याकडे पारड्याखाली चिंच चिकटवायचे," काका हळवे होऊन म्हणाले. "आणि तुझं स्वतःचं किती?"

"ब्याऐंशी."

"ब्याऐंशी! अन् मागे लागलास या साडेसाताच्या? यातलं कमी कर की. फुकटात होतं."

मी म्हटलं, काका, सपाट रस्त्यावर वजनाचं फार काही नसतं, खरा शत्रू वारा. वेग दुप्पट करायचा तर वाऱ्याशी झगडायला ताकद आठपट लागते. काकांनी गंभीरपणे ऐकून घेतलं.

"अन् हा वारा अडतो कशाला? सायकलीला?"

खरं उत्तर असं, की बहुतेक वारा माणसाच्या अंगालाच अडतो. मी ते दिलं नाही. काका माझ्या शर्टाच्या चौथ्या बटणाकडे बघत राहिले.

मग मोजणी. पुढचं चाक मी काढलेलंच होतं. त्याची वेगळी मोजणी झाली, नंतर काका आणि वॉचमन यांनी उरलेलं धूड पाइपाला टांगलेल्या काट्यावर चढवलं. तोवर गर्दी जमली होती. पॅडल धरून, बाटलीचे स्टँड धरून, "चालू हालतीत" एकूण आठ किलो चारशे. काकांनी आकडा मोठ्यानं वाचला आणि आगपेटीएवढ्या कागदावर लिहून खाली सही केली.

इथवर मी सहन केलं. मग काकांनी लटकलेल्या सायकलीचा उजवा ब्रेक दाबला. एकदा नाही. "मऊ लागतो रे" म्हणत सहा-सात वेळा.

उजवा म्हणजे पुढचा. पुढे चाक नाही, चाक नाही म्हणून डिस्क नाही, आणि तो प्लास्टिकचा तुकडा कचरागाडीतून गेलेला. दोन्ही पॅड एकमेकांना असे चिकटले, की मधून पोस्टकार्ड जाईना. आता डिस्क शिरणार कुठे? अशा वेळी प्लास्टिकच्या चपट्या पट्टीनं हळूहळू पॅड मागे सारायचे असतात. हे मला माहीत होतं. पण रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरवर पहिली फेरी ठरलेली, दहाबारा जण बघताहेत, काका म्हणताहेत "मी तर फक्त बघून राहिलो होतो." मी स्क्रूड्रायव्हर घातला. पॅडला ढकलणारा पिस्टन या ब्रेकमध्ये सिरॅमिकचा आहे. चहाच्या कपाचा उडावा तसा त्याचा टवका उडाला.

नवा कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन बसतात तो ब्रेकचा भाग, येईपर्यंत सायकल उभी. नाहीतरी त्या रस्त्यावर समोरून राँग साइडनं येणाऱ्या लोडिंग रिक्षाला माझ्या चपट्या नळ्यांचं काय कौतुक? वाऱ्याला चुकवायला मी लाखभर घातले. तिला कशानं चुकवायचं?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी फोटो टाकला. लटकलेली सायकल, शेजारी काटा, खाली "८ किलो ४०० ग्रॅम, तपासले." दुसऱ्या मजल्यावरून लगेच प्रश्न आला: "काका, भाव काय लावला?"

काकांचं उत्तर: "आधी ब्रेक सुटू दे."