शेंगेनचा अर्ज, अजून एकदा

काहून बाप्पा, युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं तो हा शेंगेन व्हिसा, त्याला नाही म्हणायचं तर म्हणा, पण धड कारण तरी सांगा ना! छापील कागद, त्यावर एका चौकटीत टिक, की म्हणे व्हिसा संपायच्या आत तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही. अरे धरमपेठेत घर आहे, म्हातारी आई आहे, पोराची दहावी आहे, कुठं जाऊन राहणार मी? आता परत अर्ज म्हणजे परत 90 युरो, आधीचे तर गेलेच, बोटांचे ठसे 59 महिने चालतात पण बाकी सगळं नव्यानं, बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, ऑफिसचं सुट्टीचं पत्र, 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स, अन् व्हिसाचा पत्ता नसताना राहायची सोय आधी दाखवा! मागचा नकार त्यांच्या सिस्टीममधे 5 वर्षं राहतो तो वेगळाच. वरून शेजारचे काका रोज विचारून राह्यले, "काय भाऊ, युरोप कधी?" एजंट म्हणतो, कव्हर लेटर जोरदार लिहा. काय जोरदार लिहू? मे महिन्यात 45 डिग्रीत नागपूरला परत येतोच म्हणणाऱ्यावर मी पण विश्वास नसता ठेवला.